मार्शल वणवा

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या बोल्डर काउंटीत ३० डिसेंबर २०२१ रोजी माळरानावरील गवतात पेटून डेनव्हरजवळच्या उपनगरांत शिरलेला वणवा. सुपीरियर, लुईसव्हिल आणि लगतच्या भागातील १,०८४ घरे त्यात नष्ट झाली आणि दोघांचा बळी गेला. जळालेले क्षेत्र जेमतेम २५ चौ. किमी. असूनही, घरांच्या हानीच्या दृष्टीने हा कोलोरॅडोच्या इतिहासातील सर्वांत विध्वंसक वणवा ठरतो.

त्या वर्षी वसंतात चांगला पाऊस झाल्याने गवत माजले, मग महिनोन्‌महिने पाऊस वा बर्फ फारसे पडले नाही. अशा वाळलेल्या गवतावर रॉकी पर्वतावरून उतरणारा वारा सुटला. त्याचे झोत ताशी १६० किमी.च्या आसपास होते. २०२३ मधील चौकशी अहवालानुसार आगीची उगमस्थाने दोन होती : एका खासगी आवारात सहा दिवसांपूर्वी पुरलेले, पण न विझलेले निखारे आणि, बहुधा, सुटलेली वीजवाहिनी. ३०,००० हून अधिक लोकांना तातडीने घरे सोडावी लागली. आग विझवण्यासाठी पाण्याचा दाब टिकेना, तेव्हा लुईसव्हिलने प्रक्रिया न केलेले पाणी नळांत सोडले. त्यामुळे नंतर रहिवाशांना पाणी उकळून प्यावे लागले.

दाट जंगल इथे नव्हतेच. गवतातली आग लाकडी कुंपणांवरून भिंतींपर्यंत पोहोचली आणि उडत्या ठिणग्या आढ्याच्या झरोक्यांतून, पन्हळीतल्या पाचोळ्यातून आत शिरल्या. पुढे गवताची गरजच उरली नाही. घरे दाटीने उभी असल्याने एकाच्या आचेने दुसरे पेटत गेले. जी वाचली त्यांतही धूर व काजळी शिरली. ‘घर शाबूत’ एवढ्या नोंदीवरून ही हानी कळत नाही.

अमेरिकी वनसेवेतील शास्त्रज्ञ जॅक कोहेन यांनी या घटनेच्या कितीतरी आधीपासून घर आणि त्याचा निकटचा परिसर यांवरच भर दिला होता. भिंतीपासून सुमारे दीड मीटरचा पट्टा सर्वांत नाजूक. तिथे लाकडाच्या भुशाऐवजी खडी घालणे, झुडपे काढणे, कुंपणाचा भिंतीला लागणारा भाग धातूचा करणे, झरोक्यांना सुमारे तीन मिमी.ची जाळी बसवणे ही कामे घरमालकाच्या आवाक्यातली आहेत. मात्र शेजारचे घर चार-पाच मीटरवर असेल, तर एकट्याची दक्षता अपुरी पडते. सगळ्या गल्लीनेच तयारी करावी लागते.

अनेकांच्या विम्याची रक्कम पुनर्बांधणीच्या खर्चाला पुरली नाही. घरातल्या वस्तूंच्या भरपाईसाठी राख झालेल्या संसाराची चमच्यांपासून यादी करणे हा वेगळाच जाच होता. घरातल्या सामानाचे छायाचित्रण आधीच करून ठेवावे, हा सल्ला त्यामुळे रास्त ठरतो. वणवारोधक बांधकामाचे किमान नियम ठरवण्यासाठी कोलोरॅडोने २०२३ मध्ये कायद्याने राज्यस्तरीय मंडळ नेमले. तोवर हा विषय स्थानिक संस्थांच्या मर्जीवर सोडलेला होता.