लिनक्सच्या नवागताला मदत करताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार थांबवला. तिची जागा घेणाऱ्या विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. त्यामुळे घरांतील, शिकवण्यांतील आणि छोट्या कार्यालयांतील अनेक धडधाकट संगणक एकाएकी ‘जुने’ ठरले. असा संगणक भंगारात जाऊ नये म्हणून त्यावर लिनक्स टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो चुकीचा नाही. सल्ला देणारा मात्र बहुधा तिथेच थांबतो. दुसऱ्या दिवशी वाय-फाय सापडत नाही, तिसऱ्या दिवशी प्रिंटर मुका होतो, आणि आठवडाभरात संगणक माळ्यावर जातो. त्या आठवड्यात नवागताला कोण भेटते आणि ते काय सांगते, यावरच पुढचे सगळे ठरते.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्डस याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. त्या गाभ्याभोवती इतर सॉफ्टवेअर रचून निरनिराळ्या संस्था आपापली ‘डिस्ट्रो’ तयार करतात. डेबियन १९९३ पासून आहे, उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, तर लिनक्स मिंट २००६ पासून मिळू लागली. यांपैकी एकही वस्तू दुकानातून विकत घ्यावी लागत नाही. साहजिकच तक्रार घेऊन जायला दुकानदारही नसतो. ही उणीव आधीपासून वापरकर्त्यांनीच भरून काढली. पुण्या-मुंबईतील लिनक्स वापरकर्त्यांचे गट नवागतांच्या संगणकांवर लिनक्स बसवून देत. त्या काळातला मोठा शत्रू होता तो ‘विनमोडेम’. संगणकाच्या पोटातील या स्वस्त मोडेमचे निम्मे काम विंडोजमधले सॉफ्टवेअर करीत असे. त्यामुळे लिनक्सखाली तो निव्वळ पत्र्याचा तुकडा ठरे. मोडेम गेले, पण त्या अडचणीची जात गेली नाही. निर्मात्याने यंत्राची माहिती खुली केली असेल तर ते यंत्र लिनक्सखाली मुकाट चालते, आणि केली नसेल तर अडते. नवागताच्या हार्डवेअरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते.

मदतीची सुरुवात उत्तराने नव्हे, प्रश्नाने व्हायला हवी. ‘चालत नाही’ हे लक्षण नव्हे. संगणक कोणत्या कंपनीचा आणि कोणत्या मॉडेलचा आहे, कोणती डिस्ट्रो आहे आणि तिची कितवी आवृत्ती, अडचण पहिल्या दिवसापासून आहे की कालपर्यंत ठीक होते, आणि मधल्या वेळात काय बदलले, एवढे विचारले तरी निम्मे काम होते. पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा मागावा. नवागत त्याचा सारांश सांगतो आणि नेमका महत्त्वाचा शब्द गाळतो. लिहून घेणे जमत नसेल तर मोबाइलने काढलेला फोटो चालतो. पुढची माहिती संगणकालाच विचारता येते. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएनके’ या पर्यायासह दिली की आतील प्रत्येक कार्डाचा क्रमांक आणि त्याला लाभलेला ड्रायव्हर दिसतो. यूएसबीवर जोडलेल्या वस्तूंसाठी ‘एलएसयूएसबी’ आहे, तर कर्नलची रोजनिशी ‘डीमेसेज’ आणि ‘जर्नलसीटीएल’ या आज्ञांनी वाचता येते. संगणक मधेच गोठून पुन्हा सुरू करावा लागला असेल, तर ‘जर्नलसीटीएल -बी -१’ ही आज्ञा आधीच्या सत्राची नोंद दाखवते, कारण दोष त्या नोंदीत असतो, आताच्या नव्हे.

नीट न विचारता उत्तर दिले तर काय होते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. जुन्या संगणकावर लिनक्स बसते, पण एकही संकेतस्थळ धड उघडत नाही. ब्राउझर सुरक्षिततेचा इशारा देतो आणि अद्ययावतीकरण ‘ही यादी अजून वैध झालेली नाही’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबते. घाईने मदत करणारा ब्राउझर बदलायला लावतो, मग नेटवर्कच्या मांडणीत हात घालतो, आणि शेवटी दुसरी डिस्ट्रो टाकायला सांगतो. खरे कारण मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी हे असते. ती संपल्यामुळे वीज गेली की संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि संकेतस्थळांची प्रमाणपत्रे त्या तारखेला अजून जन्मलेलीच नसतात! सीआर २०३२ या नावाने हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. ‘संगणकावर आज तारीख काय दिसते?’ हा एक प्रश्न विचारला असता तर दोन दिवस वाचले असते.

घड्याळाची आणखी एक गंमत खास भारतात दिसते. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवले की विंडोजचे घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडते. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. यात बिघडलेले काहीच नसते. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ या आज्ञेने लिनक्सलाही स्थानिक वेळ ठेवायला सांगता येते.

वाय-फायची अडचण सर्वांत नेहमीची, कारण ती सुटेपर्यंत बाकी काहीच डाउनलोड करता येत नाही. इंटेलच्या चिपा सहसा त्रास देत नाहीत. ब्रॉडकॉमच्या अनेक चिपांना आणि बाजारातील स्वस्त यूएसबी डोंगलना मात्र वेगळा ड्रायव्हर किंवा फर्मवेअर लागते. डेबियनने तर तत्त्व म्हणून असे बंदिस्त फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवले होते. २०२२ मध्ये झालेल्या मतदानानंतर ते जून २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून आत आले. ड्रायव्हरसाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर, या पेचावर सोपा उपाय आहे. अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यावरचे यूएसबी टेदरिंग सुरू केले की संगणकाला तो वायरचे नेटवर्क वाटतो, आणि उरलेले काम तेवढ्यावर भागते. डोंगल विकत घेण्याचा सल्ला देताना नुसते मॉडेलचे नाव सांगणे धोक्याचे असते. तेच नाव छापलेल्या डब्यात दुसऱ्या आवृत्तीला दुसरीच चिप निघते.

पडदा काळा पडणे हा नवागताला सर्वांत घाबरवणारा प्रसंग. एएमडी आणि इंटेल यांच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात. एनव्हिडियाची वाट वेगळी होती. २०१२ मध्ये फिनलंडमधील एका कार्यक्रमात टोरवाल्डस याने त्या कंपनीला उद्देशून जाहीरपणे शिवी हासडली, यावरून त्या काळच्या संतापाची कल्पना यावी. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलशी जोडला जाणारा भाग खुला केला, तेव्हा परिस्थिती निवळू लागली. जुन्या कार्डांना मात्र त्याचा उपयोग नाही. असा काळा पडदा आल्यास संगणक सुरू होताना ग्रब या यादीवर ‘ई’ ही कळ दाबावी, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ हा शब्द लिहावा आणि एफ १० दाबावे. हा बदल त्या एका खेपेपुरताच टिकतो, त्यामुळे चुकल्यास नुकसान नाही. पडदा दिसू लागला की डिस्ट्रोच्या ड्रायव्हर मॅनेजरमधूनच कंपनीचा ड्रायव्हर घ्यावा.

इथे एक खाचखळगा आहे आणि तो बहुतेक मदतनीस सांगायचे विसरतात. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर घेताना एक पासवर्ड ठरवायला सांगितला जातो, आणि संगणक पुन्हा सुरू होताना एक निळा पडदा येतो. तिथे ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. नवागत घाबरून ‘कंटिन्यू’ दाबतो. ड्रायव्हर बसलेला असूनही चालत नाही आणि कारण कोणालाच कळत नाही. हा निळा पडदा येणार आहे, हे आधी सांगून ठेवणे हीच खरी मदत.

प्रिंटर हा छोट्या कार्यालयाचा जीव. गेल्या दोन दशकांत आपल्याकडे ठिकठिकाणी दिसणाऱ्या दोन लेझर प्रिंटरांची उदाहरणे बोलकी आहेत. एचपी लेझरजेट १०२० मध्ये स्वतःचे फर्मवेअर साठवलेले नसते. प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते संगणकाकडून घ्यावे लागते. लिनक्समध्ये हे काम एचपीएलआयपी हे सॉफ्टवेअर एका वेगळ्या प्लगइनच्या साहाय्याने करते. सॉफ्टवेअर अद्ययावत झाले आणि प्लगइन मागे राहिले, की कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज गप्प बसतो. ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा पुन्हा चालवली की बोलू लागतो. कॅनन एलबीपी २९०० ची कथा अधिक कठीण. तो कंपनीच्या सीएपीटी या स्वतःच्याच भाषेत बोलतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुन्या घडणीचा आहे आणि नव्या डिस्ट्रोवर बसवताना जाणकारांचाही घाम निघतो. ज्या कार्यालयाचे काम याच प्रिंटरवर अवलंबून आहे, त्यांना ही गोष्ट लिनक्स टाकण्यापूर्वी सांगणे हा प्रामाणिकपणा. नवा प्रिंटर घ्यायचाच असेल तर खोक्यावर एअरप्रिंट हा शब्द आहे का ते पाहावे. असे प्रिंटर सहसा वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात.

सॉफ्टवेअरच्या तक्रारींत खरा धोका अडचणीपेक्षा उपायाचा असतो. संगणक सुरू होताच अद्ययावतीकरण पार्श्वभूमीवर चालू होते. त्याच वेळी नवागत काही इन्स्टॉल करू पाहतो आणि ‘लॉक मिळाले नाही’ असा संदेश येतो. यावर ‘ती लॉकची फाइल उडवून टाका’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. काम अर्ध्यावर असताना फाइल उडवली तर पॅकेजांची नोंदवहीच बिघडू शकते. योग्य उपाय म्हणजे पाच-दहा मिनिटे थांबणे. विंडोजच्या विभागात काही साठवता येत नाही, ही तक्रारही याच जातीची. विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ते पूर्ण बंदच होत नाही, अर्धवट झोपते, म्हणून लिनक्स त्या विभागात लिहायला नकार देते. लिनक्सवर बळजबरी करण्यापेक्षा विंडोजमध्ये जाऊन ती सोय बंद करावी. इन्स्टॉलरला हार्ड डिस्क दिसत नाही म्हणून बायोसमधील साठवणीची मांडणी एएचसीआयवर नेणे किंवा सिक्युअर बूट बंद करणे, या गोष्टी बोलता बोलता सांगण्याच्या नव्हेत. पहिलीने आधीचे विंडोज सुरूच होईनासे होऊ शकते, आणि बिटलॉकर चालू असेल तर दोन्ही प्रसंगी ते ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली कुठे आहे हे ठाऊक नसेल, तर लग्नाच्या फोटोंपासून हिशेबांपर्यंत सगळे कुलपात अडकते. म्हणून डेटाची प्रत बाहेर काढली आहे का, हा प्रश्न इतर प्रश्नांच्या आधी यायला हवा.

‘सुडो’ने सुरू होणारी आज्ञा संगणकाच्या मालकाच्या अधिकारात चालते. तिच्यात काय आहे आणि ती परत कशी फिरवायची, हे एका वाक्यात सांगितल्याशिवाय ती कोणाला टाइप करायला सांगू नये. एका वेळी एकच बदल करावा. पाच उपाय एकदम केले तर कशाने बरे वाटले ते कळत नाही आणि कशाने बिघडले तेही नाही. ‘पुस्तिका वाचा’ असे फटकारणाऱ्यांची परंपरा या जगात जुनी आहे. पुस्तिका वाचायलाच हवी, पण तिचे कोणते पान, हे नवागताला कळत असते तर तो विचारायला आलाच नसता.

मराठी वापरकर्त्याची एक अडचण इंग्रजी मदतपुस्तकांत सापडत नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेल्या फायली लिनक्सवर उघडल्या की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते. तिच्यात मुळातच रोमन संकेत आहेत आणि त्यांवर देवनागरीचे चित्र चढवलेले होते. असा मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा लागतो, आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावी लागतात. नवे टंकलेखन त्या मानाने सुखाचे आहे. इनस्क्रिप्ट कळफलक बहुतेक डिस्ट्रोंत तयार असतो, उच्चारानुसारी टंकनासाठी आयबस उपयोगी पडते, आणि लोहित किंवा नोटो हे मुक्त फाँट टाकले की चौकोनांच्या जागी अक्षरे येतात. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक कसा उमटवायचा, हा प्रश्न मात्र हमखास येतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘जे’ दाबल्यावर मिळणारा ‘ऱ’ त्यासाठीच आहे.

आणि काही वेळा उत्तर नकारार्थीच असते. हिशेब टॅलीवर असतील किंवा दिवसभराचे काम फोटोशॉपवर चालत असेल, तर ही सॉफ्टवेअरे लिनक्ससाठी बनलेलीच नाहीत. वाइनच्या आधारे ती ओढूनताणून चालवण्यात नवागताचे आठवडे जातात, तेही मार्चअखेरीच्या तोंडावर. लिनक्स प्रत्यक्ष बसवण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून सुरू करता येते. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, मराठी अक्षरे आणि रोजचे काम एवढे त्या एका संध्याकाळी तपासून पाहावे. हार्ड डिस्कला तोपर्यंत हात लागलेला नसतो, आणि पेन ड्राइव्ह काढला की आधीचा संगणक जसाच्या तसा परत मिळतो.