तळटीप : दोन मिल्खासिंग

येथे उल्लेखलेले मिल्खासिंग म्हणजे ‘फ्लाइंग सीख’ म्हणून ओळखले गेलेले धावपटू नव्हेत, तर मद्रासचे डावखुरे फलंदाज ए. जी. मिल्खासिंग होत. दोघांची गल्लत सहज होते, कारण जानेवारी १९६० मध्ये हे फलंदाज वयाच्या अठराव्या वर्षी ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी खेळले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या शर्यतीत धावपटू मिल्खासिंग यांचे कांस्यपदक, त्या वेळच्या हातघड्याळी नोंदीनुसार, सेकंदाच्या अवघ्या दहाव्या हिश्शाने हुकले. क्रिकेटपटूची खूण आद्याक्षरांत आहे. ‘ए. जी.’ म्हणजे ‘अमृतसर गोविंदसिंग’. मराठीत वडिलांचे नाव व आडनाव व्यक्तिनामानंतर येते, तर मद्रासकडे गावाचे वा वाडवडिलांचे नाव आद्याक्षररूपाने आधी लागते, आणि तेथे रुजलेल्या या शीख घराण्याने ती रीत इतकी आपलीशी केली, की वडील रामसिंग, थोरले बंधू कृपालसिंग आणि मिल्खासिंग या तिघांच्याही नावांआधी तीच दोन अक्षरे दिसतात. मूळ हस्तलिखितात ती गळली होती. प्रस्तुत आवृत्तीत ती सर्वत्र घातली आहेत.