पाटाकडेची वाट

बारामतीहून इंदापूरकडे सायकलने जाताना आम्ही डांबरी रस्ता सोडून नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरची वाट धरतो. ऊसतोडीचे दिवस सोडले तर वाहन क्वचितच भेटते. चढही जवळजवळ नाहीच. असे का?

पाणी उताराने न्यायचे, पण उंची जपतच. तरच दूरचे शेत भिजते. म्हणून कालवा समोच्च रेषेला बिलगून, ओढ्यांना वळसे घालत जातो. फ्रान्समधील १६८१ सालच्या मिदी कालव्याकाठीही आज सायकली धावतात. ती वाट नावा ओढणाऱ्या घोड्यांची, आपली पाटकऱ्यांच्या देखरेखीची.

आपला कालवा १८७६-७८ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. पाणी १८८५ च्या सुमारास आले. त्याच वर्षी इंग्लंडात स्टार्लीची साखळीवर चालणारी ‘रोव्हर’ सायकल निघाली (हा निव्वळ योगायोग!).

भरावावर एका विद्यार्थिनीने आम्हांला विचारले, “इतकी माती टाकणाऱ्यांना काय मिळत असे?” १८७७ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी उतरवली: पुरुषाला दिवसाला सुमारे ४५० ग्रॅम धान्याची किंमत आणि वर एक आणा. बाईला त्याहून कमी. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले होते.