साडेसात मिलिसेकंदांचा इतिहास

लॅपटॉपवर खेळण्यासाठी बिनतारी माऊस घ्यायचा तर ब्लूटूथचा घ्यावा की डोंगलचा, या प्रश्नाचं उत्तर दुकानात बहुधा किमतीकडे बघून दिलं जातं. माझ्या मते ते उत्तर फोन बनवणाऱ्या इंजिनिअरांनी फार पूर्वी घेतलेल्या काही निर्णयांत आहे, आणि ते निर्णय घेताना खेळणारा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता. मी स्वतः इंजिनिअर नाही. जुनी पेटंटं आणि तांत्रिक ठराव वाचण्याचा नाद मात्र बरीच वर्षं आहे, आणि त्या वाचनातून हाताला जे लागलं ते इथे मांडतो.

माऊसला माऊस हे नावच मुळी त्याच्या शेपटीमुळे, म्हणजे तारेमुळे पडलं. डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली कॅलिफोर्नियात पहिला नमुना बनवला, तो लाकडी होता. शेपूट तोडण्याचे प्रयत्न पुढे वीस वर्षांनी सुरू झाले. लॉजिटेकचा १९८४ चा माऊस अवरक्त किरणांवर चालायचा. टीव्हीच्या रिमोटसारखाच प्रकार! मध्ये चहाचा कप आला की संपलं. याच कंपनीने १९९१ साली रेडिओ लहरींचा माऊस आणला आणि कपाची अडचण मिटली. पण रेडिओ लहरी म्हटल्या की परवाना आला, सरकार आलं.

इथे गोष्ट गायरानाकडे वळते. १९४७ साली अटलांटिक सिटीत भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासची जागा उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतल्या यंत्रांसाठी काढून ठेवली गेली. अन्न तापवणाऱ्या मायक्रोवेव्ह भट्ट्या तिथेच चालणार होत्या. गोंगाट इतका की निरोप पाठवायला ती जागा कुणी मागितली नसती. १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्या पडीक जागेवर, काही अटी घालून, विनापरवाना निरोप पाठवायला मुभा दिली. आपल्याकडे २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. आज वाय-फाय, ब्लूटूथ आणि डोंगलचे माऊस, सगळ्यांची गुरं याच गायरानात चरतात. म्हणजे ‘ब्लूटूथ की २.४ गिगाहर्ट्झ’ हा खोक्यांवरचा भेद फसवा आहे. जागा एकच आहे, चरण्याचे नियम वेगळे आहेत.

ओघात एक गैरसमज दूर करायला हवा. ब्लूटूथचा शोध हेडी लमार या नटीने लावला, असं वारंवार वाचायला मिळतं. तिचं आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांचं ११ ऑगस्ट १९४२ चं पेटंट (क्रमांक २२,९२,३८७) मी मुळातून वाचलं आहे. पाणतीराला रेडिओने वळवायचं, शत्रूने अडवू नये म्हणून वारंवारता सतत बदलायची, आणि बदल दोन्हीकडे एकाच वेळी व्हावेत म्हणून स्वयंचलित पियानोसारखी भोकं पाडलेली पट्टी फिरवायची, असा तो बेत. बुद्धी विलक्षण, यात शंका नाही. पण तिचा हेतू गुप्ततेचा होता, ब्लूटूथ उड्या मारतं ते गर्दीतून वाट काढण्यासाठी. दोन्हींत नातं आहे, पण ते दूरचं.

ब्लूटूथचं खरं घर स्वीडनमधलं लुंड. तिथे एरिक्सन कंपनीत याप हार्टसेन यांनी १९९४ मध्ये काम सुरू केलं, ते फोन आणि त्याच्या जोड-उपकरणांमधली तार काढण्यासाठी. मे १९९८ मध्ये एरिक्सन, इंटेल, नोकिया, आयबीएम आणि तोशिबा एकत्र आले आणि दहाव्या शतकातल्या एका डॅनिश राजाचं टोपणनाव या तंत्राला मिळालं. ७९ वाहिन्या, सेकंदाला १६०० उड्या, आणि मुख्य उपकरणाने पुकारल्याशिवाय दुसऱ्याने बोलायचं नाही. वर्गात हजेरी घेताना नाव आल्यावरच ‘हजर’ म्हणावं, तसं. २०१० च्या चौथ्या आवृत्तीत नोकियाचं वायब्री हे तंत्र सामावलं गेलं. ते बटणाएवढ्या सेलवर दीर्घकाळ चालणाऱ्या छोट्या उपकरणांसाठी होतं. त्यात दोन हजेऱ्यांमधलं किमान अंतर ठरलं साडेसात मिलिसेकंद. कमाल चार सेकंद.

हा आकडा काटकसरीतून आला आहे. ज्याला बॅटरी वाचवायची त्याने सारखं जागं राहू नये, हा त्यामागचा साधा विचार. पण हिशेब करून पाहा. साडेसात मिलिसेकंदांना एक म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १३३ निरोप. लॅपटॉपचा पडदा ६० हर्ट्झचा असेल तर प्रत्येक चित्रासाठी पुरेसे. पडदा १४४ हर्ट्झचा असेल आणि खेळ तेवढी चित्रं काढत असेल, तर दर सेकंदाला निदान ११ चित्रं माऊसच्या ताज्या निरोपाविना निघतात. त्यात लॅपटॉप हजेरीचं अंतर आणखी लांबवू शकतो. माझी भाची वसतिगृहात राहून नेमबाजीचे खेळ खेळते. शिकवणीच्या कमाईतून तिने पडदा १४४ हर्ट्झचा घेतला आणि माऊस ब्लूटूथचा. “मामा, नेम माझाच चुकतोय,” असं ती कित्येक दिवस समजत होती.

डोंगलवाल्यांनी काय केलं? गायरानातच राहून स्वतःचे नियम केले. लॉजिटेकने २००५ साली जी-७ हा खेळाडूंसाठीचा माऊस काढला, त्याबरोबर बदलून घालायला दोन बॅटऱ्या द्याव्या लागल्या. वेगाची किंमत ती. २००९ च्या रेझर माम्बाने सेकंदाला १००० निरोपांपर्यंत मजल मारली, म्हणजे मिलिसेकंदाला एक. मात्र डोंगल आहे म्हणून माऊस वेगवान, असं समजू नये. कार्यालयातले साधे डोंगल-माऊस बहुतेक १२५ निरोपांवरच चालतात, म्हणजे आठ मिलिसेकंद, ब्लूटूथपेक्षाही किंचित मागे. खोक्यावर १००० हर्ट्झ लिहिलेलं नसेल तर डोंगलसाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

खाजगी नियमांचे तोटेही आहेत. नखाएवढं डोंगल हरवलं की माऊस बहुधा खेळणं होऊन बसतो. शिवाय हे नियम चारचौघांत तपासले गेलेले नसतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये बॅस्टिल या अमेरिकी संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलं की अनेक कंपन्यांच्या डोंगलला लांबून खोटे निरोप पाठवून संगणकावर हवं ते टंकता येतं. त्या यादीत ब्लूटूथ नव्हतं.

आणि एक बाब, जी विकणारा सांगत नाही. इंटेलने २०१२ साली स्वतःच प्रसिद्ध केलं होतं की यूएसबी ३.० च्या जोडणीतून निघणारा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झवर पडतो. लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क जोडली आणि शेजारीच डोंगल खोचलं की महागडा माऊसही अडखळतो. भाचीने पुढे १००० हर्ट्झचा डोंगल-माऊस घेतला, तो असाच अडखळत होता. हातभर लांबीच्या यूएसबी वायरने डोंगल डिस्कपासून दूर, माऊसजवळ आणलं, तेव्हा तो सुरळीत झाला.

साडेसातचा तो आकडा आता हलला आहे. ब्लूटूथच्या ६.२ या आवृत्तीत किमान अंतर ३७५ मायक्रोसेकंदांवर आणलं गेलं, मिलिसेकंदाच्या निम्म्याहूनही कमी. त्यासाठी माऊस आणि लॅपटॉप दोन्हींतली चिप त्या क्षमतेची हवी. आज घराघरांत असलेल्या लॅपटॉपना ते लागू नाही, त्यामुळे त्यांच्यावर नेमबाजी खेळायची असेल तर अजून काही वर्षं डोंगल आणि हातभर वायरच. बुद्धिबळ किंवा पत्ते खेळणाऱ्याने मात्र खुशाल ब्लूटूथ घ्यावं, तेवढंच एक यूएसबीचं भोक मोकळं राहतं.