स्कायलॅब पडलं, सरकार पडलं आणि आमची कौलं राहिली

आजच्या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांनी वाचा, ज्यांना वाचायचा कंटाळा आहे त्यांनी ऐका, आणि ज्यांना दोन्ही जमत नाही त्यांनी निदान कुणाला तरी पुढे पाठवा.

आजचा विषय आहे जुने मथळे. म्हणजे पेपरात छापून आलं काय, लोकांनी त्याचा अर्थ लावला काय आणि प्रत्यक्षात झालं काय! यासाठी १९७९ सारखं दुसरं वर्ष नाही. त्या वर्षी आपल्याकडे पेपर उघडला की काहीतरी कोसळत तरी होतं, नाहीतर कोसळणार तरी होतं.

सुरुवात मार्चपासून करू. २२ मार्च १९७९. जयप्रकाश नारायण मुंबईला जसलोक रुग्णालयात होते, प्रकृती गंभीर होती. तिकडे दिल्लीत पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. श्रद्धांजलीची भाषणं झाली, सभागृह तहकूब झालं, आकाशवाणीवर बातमी गेली. आणि जेपी? ते जसलोकमध्ये जिवंत होते! त्यानंतर ते सहा महिन्यांहून जास्त जगले आणि ८ ऑक्टोबरला पाटण्यात गेले.

आमच्या घरी, राजापूरकडच्या एका वाडीत, या प्रकाराचा परिणाम फार खोल झाला. आजीने जाहीर केलं, "आता रेडिओवर माझं नाव आलं तरी आधी मला येऊन विचारा."

म्हणजे बातमीवरचा विश्वास आधीच डळमळलेला. त्यात आलं स्कायलॅब.

हे स्कायलॅब म्हणजे अमेरिकेचं पहिलं अंतराळस्थानक. १४ मे १९७३ला ते वर गेलं. वजन साधारण ७७ टन. अंतराळवीरांच्या तीन तुकड्या तिथे राहून आल्या आणि १९७४ नंतर ते रिकामंच फिरत राहिलं. नासाचा हिशोब असा होता की नवीन स्पेस शटल तयार झालं की ते वर जाऊन याला जरा वरच्या कक्षेत ढकलेल. पण शटलला उशीर झाला, आणि इकडे सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापट निघाला. सूर्याच्या हालचाली वाढल्या की पृथ्वीचं वरचं वातावरण फुगतं. त्या विरळ हवेशी घासून घासून स्कायलॅबचा वेग मंदावला आणि ते खाली येऊ लागलं. कुठे पडणार, हे नेमकं कुणालाच सांगता येईना.

आणि मग आला तो प्रसिद्ध आकडा. नासाने सांगितलं की तुकडा लागून माणूस जखमी होण्याची शक्यता १५२ मध्ये १ आहे.

आता याचा खरा अर्थ असा, की साऱ्या जगात मिळून कुणातरी एकाला लागण्याची शक्यता १५२ मध्ये १. तेव्हा जगाची लोकसंख्या चारशे कोटींच्या वर होती. म्हणजे तुम्हाला किंवा मला लागण्याची शक्यता साधारण साठ हजार कोटींत एक! पण पेपर आमच्याकडे एस.टी.ने दुसऱ्या दिवशी यायचा आणि अर्थ आजोबा लावायचे. त्यांनी वाडीतली माणसं मोजली, ती भरली १६०. आजोबांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे आपल्यातला एक गेलाच."

मग तो एक कोण, यावर पारावर महिनाभर चर्चा. ज्याने उधारी थकवली होती तो म्हणे, पडून जाऊ दे, मग बघू. ज्याला उधारी यायची होती तो म्हणे, पडायच्या आधी दे. आजी मात्र शांत. "रेडिओ सांगतोय ना पडणार म्हणून? मग नाही पडत. जेपींचं काय झालं?"

या सगळ्यात आजोबांनी एक निर्णय घेतला. दरवर्षी मे महिन्यात पावसाआधी घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची. त्या वर्षी ते म्हणाले, "आत्ता नको. वरून ते पडलंच तर परत कौलं घालावी लागतील. दोनदा खर्च कशाला?"

हिशोब अगदी चोख होता. फक्त स्कायलॅब आमच्याकडे फिरकलं नाही. ११ जुलैला, आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले असताना, त्याचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. कुणालाही लागलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पेपरने पहिला तुकडा आणून देणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं. ते एस्परन्स गावच्या १७ वर्षांच्या मुलाने विमानाने जाऊन पटकावलं. एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने तर गंमत म्हणून नासाला कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलरचा दंडही ठोकला. तो पुढे २००९ मध्ये एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून वर्गणी काढून भरला. (श्रोतेहो, घाबरू नका, मी काही मागत नाहीये.)

आणि चार दिवसांनी, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. वरचं पडलं ऑस्ट्रेलियात आणि सरकार पडलं दिल्लीत. आजोबा म्हणाले, "बघा, पडणार होतं ते खरंच होतं. फक्त काय पडणार ते चुकीचं छापलं."

इथवर हसण्यासारखं आहे. पण पुढचा महिना उजाडला.

११ ऑगस्ट १९७९. गुजरातमध्ये मुसळधार पाऊस. मच्छू नदीवरच्या मच्छू-२ धरणाचा सांडवा जेवढ्या पाण्यासाठी बांधला होता, त्याच्या जवळजवळ तिप्पट पाणी आलं. धरणाचे मातीचे बांध वाहून गेले आणि खाली मोरबी शहर बुडालं. धोक्याची सूचना वेळेत पोहोचली नाही. किती माणसं गेली याचे अंदाज १,८०० पासून २५,००० पर्यंत आहेत. नेमका आकडा कधी ठरलाच नाही.

बघा ना, स्कायलॅबचा धोका दशांश चिन्हापर्यंत मोजून झाला होता, महिनोन्‌महिने छापून झाला होता. मोरबीच्या लोकांना काही तास आधीसुद्धा कुणी सांगितलं नाही. खरं तर आपल्याला हे माहीत असायला हवं होतं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटून पुण्यात काय झालं, हे महाराष्ट्राने पाहिलं होतं. पण अमेरिकेचं यान आकाशातून पडणं ही बातमी असते. बांध, सांडवा, फुटकं कौल यांच्यावर मथळा होत नाही. झालाच तर नंतर होतो.

आता आमच्या कौलांचं सांगतो. त्या पावसात माजघर गळलं. नेमकी धार पडली ती ट्रंकेवर. ट्रंकेत आत्याची मॅट्रिकची गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला. दोन्हींचा लगदा झाला. दुसरी प्रत मिळेपर्यंत डी.एड.च्या प्रवेशाची तारीख निघून गेली आणि तिचं एक वर्ष फुकट गेलं.

आत्या पुढे तीस वर्षं शिक्षिका होती. मागच्या दिवाळीत मी तिला स्कायलॅबबद्दल विचारलं, तर हसली आणि म्हणाली, "अरे, आजोबांचा हिशोब बरोबर होता. १६० माणसांत एकाला लागलंच की. मीच ती."

तर मंडळी, तुमच्या घरात असा एखादा मथळा आहे का, जो खोटा ठरला पण ज्याची किंमत कुणीतरी खरी मोजली? आठवून बघा. घरातल्या मोठ्यांना विचारा, आणि आम्हाला जरूर कळवा. आणि हो, मे महिना जवळ आलाय. एकदा वर बघून घ्या. आकाशाकडे नाही, छपराकडे!

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.