विसावा एकट्याचा नसतो

पंढरीच्या वाटेवर ‘विसावा’ हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा कानी येतो. सकाळचा विसावा, दुपारचा विसावा आणि संध्याकाळी मुक्काम. हा विसावा ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवलेला नसतो. पालखी विसावली की दिंड्या विसावतात, पालखी उठली की दिंड्या उठतात. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला की शेकडो टाळ आणि मृदंग एका क्षणात गप्प होतात. ज्याने हे एकदा अनुभवले त्याला कळते, की थांबणे ही सर्वांनी मिळून करायची गोष्ट आहे. आठवड्याच्या सुट्टीचा इतिहास पाहिला तर तोही हेच सांगतो.

आपल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांचे (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणतात) पंढरीशी पाण्याचे नाते आहे. नीरा भोर तालुक्याच्या डोंगरात उगम पावते. राजगडाच्या कुशीतली गुंजवणी आणि भाटघरची वेळवंडी तिला मिळतात. माउलींच्या पादुकांना नीरास्नान घडते ते याच पाण्याने. पुढे नरसिंहपूरला नीरा भीमेत जाते आणि भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. पानशेत-वरसगावचे पाणीही मुठेतून शेवटी भीमेलाच मिळते. पाणी असे वर्षभर पंढरीला जाते, पण माणसांचे जाणे तितके सोपे नव्हते. आषाढी येते ती नेमकी भाताच्या लावणीच्या दिवसांत. रोप वाढलेले, खाचरात चिखल झालेला आणि पावसाचा भरवसा नाही. लावणी चुकली तर वर्षाचे भात गेले. अशा वेळी घरातला एक माणूस पंधरा-वीस दिवस वारीला कसा जाई?

तो जाई, कारण मागे कोणीतरी त्याचे खाचर सांभाळत असे. भाऊ, भावजय, शेजारी, कधी सारी भावकी. आज तुझी लावणी, उद्या माझी, या रीतीने कामे उरकली जात. नांगरटीला इर्जिक होई, त्याच धर्तीवर हेही. वारकऱ्याच्या पायांना जी मोकळीक मिळे ती गावाने दिलेली असे. म्हणून परतल्यावर तो प्रसादाचे चुरमुरे आणि बुक्का घरोघर वाटी. ज्यांच्या कष्टांवर वारी घडली त्यांच्यापर्यंत ती पोचवण्याची ही रीत होती.

वारी वर्षातून एकदा. बाकीच्या वर्षातही थांबण्याचे दिवस ठरलेले होते. महाराष्ट्रात अनेक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत. सोमवार महादेवाचा, बैल म्हणजे त्याचा नंदी, एवढे कारण पुरे होते. हा नियम गावाचा असे, त्यामुळे शेजारी आज पुढे जाईल आणि आपण मागे पडू ही भीती कोणालाच नसे. पंधरा दिवसांनी एकादशी येई. वर्षाला चोवीस, अधिक महिन्याच्या वर्षी सव्वीस. कीर्तनकार सांगतात, की दहा इंद्रिये आणि अकरावे मन आवरायचा हा दिवस. उपवास पोटाचा खरा, पण डोळ्यांचा, कानांचा आणि जिभेचाही. मग रात्री सगळ्यांनी मिळून जागर.

या सुंदर चित्रात एक उणे होते आणि वारकऱ्याने ते लपवू नये. थांबण्याची मुभा सर्वांना नव्हती. परंपरा सांगते, की शके १२६० मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबाराय गाडले गेले. त्यांना त्या कामावर वेठीने नेले होते. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरात आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आपण नामदेव पायरीला वंदन करतो आणि समोरच चोखोबांच्या समाधीपुढे नमतो. ज्याचा देह दुसऱ्याच्या हुकमाखाली राबत होता, त्याला सोमवारही नव्हता आणि एकादशीही नव्हती. वेठीचे लक्षणच हे, की केव्हा थांबायचे ते राबणाऱ्याच्या हाती नसते.

हीच वेठ पुढे मजुरीच्या रूपाने शहरात आली. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली. १८६३ पासून बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि पुण्याकडच्या माणसाला मुंबई जवळ आली. कोकण, सातारा आणि पुणे जिल्ह्याचा डोंगरपट्टा येथली माणसे गिरणगावात जाऊ लागली. भातावर वर्ष निघत नसे, म्हणून घरटी एकजण मुंबईला, ही चाल मावळातल्या घरांना नवी नाही. तिथे गेल्यावर दिवस भोंग्याच्या ताब्यात गेला. गिरणी उजाडता सुरू होई आणि मावळता बंद होई. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून राबणेही मोठे. यंत्राला ना सोमवार ठाऊक, ना एकादशी. पुष्कळ गिरण्यांत रविवारीही यंत्रे पुसायला कामगारांना बोलावत. गावाकडे बैलाला जो दिवस मिळत होता, तो इथे माणसाला मिळेनासा झाला.

हा दिवस परत मिळवून देण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले ते नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. मूळ गाव पुणे जिल्ह्यातले कन्हेरसर. शिक्षण बेताचेच. काही काळ नोकऱ्या करून ते मुंबईत एका गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि कामगारांचे हाल त्यांनी रोज पाहिले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र मुंबईतून चालवले आणि गिरणीतली दुःखे त्यात मांडली.

सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. तिथून जो अर्ज सरकारी चौकशीकडे गेला त्यावर सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या साध्या होत्या. दर रविवारी पूर्ण विश्रांती. दुपारी अर्धा तास सुट्टी. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचे अपंगत्व आले तर पोटापाण्याची सोय. आज वाचताना वाटते, यात मागण्यासारखे काय होते? पण हे मागावे लागले, आणि त्यातले पहिले मिळायला सहा वर्षे गेली.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. काळाचा विचार केला तर ही केवढी गोष्ट! सभेने गिरणी मालकांच्या संघाकडे साप्ताहिक सुट्टीची मागणी पाठवली आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्यात, आठवड्याची सुट्टी आली. लोखंडे १८९७ साली मुंबईतल्या प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेले. २००५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले. रविवार मात्र त्याच्या किती तरी आधीपासून घरोघर पोचला होता, बहुतेकांना त्यांचे नावही ठाऊक नसताना.

रविवारच का? साहेबाचा प्रार्थनेचा वार म्हणून, असे आपण सहज म्हणतो. पण लोखंड्यांनी रविवार मागताना तो खंडोबाचा वार असल्याचे सांगितले, अशी आठवण कामगार चळवळीत आदराने सांगितली जाते. आपल्या भागातल्या किती तरी घरांचा कुळस्वामी जेजुरीचा. त्यांना यात परके काही वाटण्याचे कारण नव्हते. शिवाय एकादशी तिथीवर चालते, ती कोणत्याही वारी येते. भोंगा तिथी मानायला तयार नव्हता. तेव्हा सर्वांना एकदम मिळेल असा एक वार तरी धरून ठेवणे भाग होते.

त्या रविवारी माणसांनी काय केले? झोप काढली, कपडे धुतले, गावाकडे पत्र लिहून घेतले. आणि भजन केले. गिरणगावाच्या चाळींतून भजनी मंडळे उभी राहिली, हरिपाठ सुरू झाले, गावाकडची एकादशी मुंबईच्या खोलीत नांदू लागली. एकाच खोलीत दहा-पंधरा गाववाले राहत, पण पाळ्या निराळ्या असल्या तर त्यांची तोंडभेट होईना. सर्वांना एकच दिवस मोकळा मिळाला म्हणून टाळाला टाळ मिळाला. सुट्टी एकेकाला निरनिराळ्या दिवशी दिली असती तर शरीराला आराम झाला असता, पण भजन झाले नसते.

आता आजकडे वळू या. कायद्याने आठवड्याची सुट्टी आजही आहे. भोर-वेल्ह्यातली मुले-मुली पुण्याला, खेड-शिवापूरला, शिरवळला कामाला जातात. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत गुरुवारची सुट्टी रूढ झाली ती विजेचा भार निरनिराळ्या दिवसांवर वाटण्यासाठी. दुकानात सोमवार, कोठे पाळीप्रमाणे फिरता वार. म्हणजे सुट्टी प्रत्येकाला आहे, पण थोरल्याची गुरुवारी, धाकट्याची रविवारी आणि सुनेची मंगळवारी. घर एका दिवशी एकत्र बसत नाही. गावच्या भजनाला पखवाजी असतो त्या दिवशी चालीचा म्हणणारा नसतो.

त्यात भोंगा आता गिरणीवर राहिला नाही, खिशात आला. सुट्टीच्या दिवशी साहेबांचा निरोप येतो, गटावर संदेश येतात, आणि काहीच आले नाही तरी बोट आपोआप पडद्यावर फिरते. कीर्तनात बुवा निरूपणात रंगलेले असतात आणि पुढच्या रांगेत तीन मोबाइल त्यांच्यावर रोखलेले असतात. यंत्र वाईट नाही. वारीत चुकलेले माणूस याच फोनने सापडते, घरी खुशाली कळते. पण अकरावे जे मन, ते दिवसभर त्याच्याकडे गहाण पडले तर उपवास पोटाचाच राहतो.

यावर एकट्याने नेम धरून पाहणारे पुष्कळ आहेत, आणि बहुतेकांचा नेम मोडतो. त्यात त्यांचा दोष थोडा. बाकी सारे चालू असताना एकट्याने बंद ठेवणे फार जड जाते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली हे ओळखले. तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि गावातले दूरदर्शन संच व मोबाइल बंद होतात. साडेआठला तो पुन्हा वाजतो. मधल्या दीड तासात मुले अभ्यास करतात, माणसे एकमेकांशी बोलतात. ज्या भोंग्याने एकेकाळी कामावर हाकलले, तोच इथे ‘आता थांबा’ म्हणू लागला. सर्वांचे एकाच वेळी बंद झाले, म्हणून कोणाचे काही चुकले नाही.

आपल्या गावांतून हे एकादशीला जोडून करता येईल. एकादशीच्या संध्याकाळी हरिपाठ सुरू होण्याआधी देवळात एक टोपली ठेवावी आणि फोन बंद करून तीत ठेवावेत. जागर संपेपर्यंत ते तिथेच राहावेत. दुधाचे काम थांबत नाही, दवाखाना थांबत नाही, एसटीचा चालकही थांबू शकत नाही. त्यांच्यासाठी एकाने पाळीने फोन चालू ठेवावा आणि तातडीचा निरोप पोचवावा. हीही एक इर्जिकच झाली.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती सर्वांत अवघड आहे. बैलाला सोमवार मिळाला, गिरणी कामगाराला रविवार मिळाला, पण चुलीपुढच्या माउलीला कोणता वार? एकादशीला तर तिचे काम दुप्पट होते. साबुदाणा, भगर, दाण्याची आमटी, रताळ्याच्या फोडी, आणि ज्यांचा उपवास नाही त्यांचा स्वयंपाक निराळा. सगळे घर देवळात गेल्यावर भांडी तिच्या वाट्याला. १८९० च्या त्या मैदानात दोन बाया बोलायला उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी मागितलेला दिवस आपल्या स्वयंपाकघरापर्यंत अजून यायचा आहे. एकादशीला एकच पदार्थ करावा, तो पुरुषांनी करावा, आणि हरिपाठाला तिची जागा पुढे असावी. हे जमले तर बाकीचे आपोआप जमेल.

आपले संत काम सोडून बसले नाहीत. सावतोबांचा मळा होता, गोरोबांचे चाक होते. त्यांनी कामाला कमी लेखले नाही आणि आपणही लेखू नये. पण जो आपल्याला विसावा देतो त्याचे ओझे आपण कधी घेतले, हे मात्र येत्या एकादशीच्या आत ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

रामकृष्ण हरि.