भाड्याचें घर : मालक कोण असावा?

सातपुड्याच्या माथ्यावर, तोरणमाळच्या पाड्यांत, घर म्हणजे पूर्वापार ज्याचें त्यानें उभारलेलें. लांकडाचे खांब, बांबूचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, आणि मदतीस शेजारी. येथील माणसास भाड्याची गांठ पडते ती पोटासाठीं डोंगर उतरून शहरांत गेल्यावर. म्हणून त्या घराचा मालक कोण असावा, हा प्रश्न आपणांसही परका नाहीं. ह्या बाबतींत मुंबईचा इतिहास बोधप्रद आहे.

गिरण्यांच्या भरभराटींत तेथें खासगी मालकांनीं चाळी बांधल्या. थोड्या जागेंत पुष्कळ भाडेकरू, हाच त्यांतील नफा. १८९६ सालीं प्लेग आला व त्या दाटीचें फळ सर्वांस दिसलें. १८९८ सालीं सरकारनें इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. त्यानें रोगट वस्त्या पाडल्या, परंतु पाडलेल्या घरांच्या मानानें नवीं घरें पुरलीं नाहींत. पुढें १९२० नंतर सरकारच्या विकास खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी उभारल्या. तथापि आरंभीं कित्येक खोल्या ओस राहिल्या; कारण भाडें व अंतर दोन्ही मजुरास झेपेनात.

१९४७ च्या कायद्यानें भाडें १९४० च्या पातळीवर बांधून टाकिलें. भाडेकरूस अभय मिळालें. परंतु गोठलेल्या भाड्यांत दुरुस्ती भागेना व जुन्या इमारती खचूं लागल्या. अखेर १९६९ च्या कायद्यानें सरकारी दुरुस्ती मंडळ नेमावें लागलें.

तिसरी वाट सहकाराची. १९१५ सालीं गांवदेवी येथें श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांच्या पुढाकारानें सारस्वत सहकारी गृहसंस्था निघाली. इमारतींची मालक संस्था, आणि सभासद हेच भाडेकरू. वांद्र्याच्या कॅथॉलिकांनींही १९१८ सालीं आपली सहकारी गृहसंस्था काढिली. परंतु भाग घेण्यास गांठीं पैसा लागतो, आणि रोजंदारास तोच दुर्लभ!

ह्यावरून आम्हांस असें वाटतें कीं, गरिबांच्या घरांसाठीं जमीन व भांडवल सार्वजनिक संस्थेनें द्यावें, आणि कारभार व देखभाल भाडेकरूंच्या सहकारी मंडळाकडे असावी. भाडें मजुरीस झेपेल इतकेंच असावें. दुरुस्तीस उणें पडेल तें सार्वजनिक निधींतून भरावें. पाड्यांत कूड मोडला तर तो नीट करणारा कोण, हें विचारावें लागत नाहीं. शहरांतील खोलीबद्दलही हें उत्तर ठरलेलें असावें, एवढीच डोंगर उतरून जाणाऱ्या कुटुंबाची मागणी आहे.